स्पर बदलण्याआधी दाते वाचा: आरसी गाडीतली गिअरची झीज ओळखणं आणि दुरुस्त करणं

थ्रॉटल दाबला, मोटर किंचाळली, पण गाडी जागची हलली नाही. किंवा हलली, पण ‘कर्रर्र’ असा आवाज करत, जीव नसल्यासारखी. आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी, गाडी घेतलेल्या बहुतेकांवर हा प्रसंग कधी ना कधी येतो. तेव्हा जे बहुतेक जण करतात तेच मीही केलं होतं: नवा स्पर गिअर (मोटरवरच्या गिअरला भिडणारं मोठं दातेरी चाक) आणला, बसवला आणि गाडी पुन्हा मैदानात सोडली.

माझ्या १/१० मापाच्या शॉर्ट कोर्स ट्रकने त्या एका महिन्यात तीन स्पर खाल्ले. तिसरा गेला तेव्हा तिन्ही जुने स्पर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि भिंगातून पाहिले. तिन्हींवरची झीज हुबेहूब सारखी होती. दात्याची बाहेरची कड खाल्लेली, आत जावं तशी झीज कमी होत गेलेली, आणि आतली कड जवळपास नवी. म्हणजे स्परमध्ये खोट नव्हती. स्परचा शाफ्ट ज्या बेअरिंगवर फिरतो ते बेअरिंग ढिलं झालं होतं, आणि जोर पडला की शाफ्ट तिरका होत होता. गाडी टेबलावर असताना सगळं ठीक दिसायचं, कारण टेबलावर जोर पडतच नाही. बेअरिंग बदललं आणि चौथा स्पर आजही त्याच ट्रकवर फिरतो आहे.

म्हणून गिअर कसा बदलायचा हे सांगण्याआधी तो कशामुळे गेला हे कसं ओळखायचं ते सांगतो. बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे. कारण शोधायला थोडी नजर लागते, आणि ती कोणालाही कमावता येते.

आधी ताकदीचा रस्ता ओळखा

मोटरच्या शाफ्टवर बसवलेला छोटा, बहुधा धातूचा गिअर म्हणजे पिनियन. त्याला भिडलेला मोठा, बहुधा नायलॉनचा गिअर म्हणजे स्पर. बऱ्याच ऑफरोड गाड्यांत स्परला लागून स्लिपर क्लच असतो, म्हणजे जोराचा धक्का आला की घसरणारा क्लच. त्यापुढे गिअरबॉक्स, मग डिफ (डिफरन्शियल, दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच), आणि डिफमधून निघालेले डॉगबोन, म्हणजे दोन्ही टोकांना गाठ असलेले दांडे, चाकांपर्यंत जातात. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत पुढे आणि मागे एकेक डिफ असतो आणि मध्ये त्यांना जोडणारा शाफ्ट किंवा बेल्ट. बिघाड या साखळीत कुठेही असू शकतो. आवाज मात्र सगळा चॅसिसमध्ये घुमतो आणि ऐकणाऱ्याला एकाच ठिकाणाहून आल्यासारखा वाटतो. डोळे झाकून स्पर बदलणाऱ्यांची फसगत इथेच होते.

हत्यारं फार लागत नाहीत. १.५, २ आणि २.५ मिमीचे चांगल्या पोलादाचे हेक्स ड्रायव्हर, ५.५ आणि ७ मिमीचे नट ड्रायव्हर, जुना टूथब्रश, टॉर्च, ए-४ कागदाची पट्टी, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचं द्रव) आणि जमल्यास व्हर्नियर कॅलिपर. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून चालतो. हेक्स ड्रायव्हरवर मात्र काटकसर करू नका. पिनियन शाफ्टवर घट्ट धरणारा इवलासा ग्रब स्क्रू स्वस्त कीने एकदा का गोल झाला, की अर्ध्या तासाचं काम अख्ख्या रविवारचं होतं. आणखी एक: अमेरिकन बनावटीच्या काही पिनियनना इंची स्क्रू असतो. १/१६ इंच म्हणजे १.५९ मिमी. त्यात १.५ ची की शिरते, फिरतेही, आणि स्क्रूचं तोंड खराब करून बाहेर येते. की जराही सैल वाटली तर जोर लावू नका, योग्य माप शोधा.

आणि सगळ्यात आधी बॅटरी काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही, कनेक्टर सोडवा. ब्रशलेस मोटर आणि बोट यांच्यामध्ये फक्त एक रिमोट असणं ही चांगली परिस्थिती नव्हे.

काहीही न उघडता करायच्या चाचण्या

मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे असं धरून सांगतो. स्परवरचं झाकण काढा आणि गाडीची मागची बाजू उचलून धरा.

पहिली चाचणी. स्पर अंगठ्याने घट्ट धरा आणि एक मागचं चाक हाताने फिरवा. दुसरं चाक उलट्या दिशेने फिरलं पाहिजे. फिरताना कुठे अडखळलं किंवा ‘कट’ असं काही बोटांना जाणवलं, तर डिफच्या पोटातले छोटे गिअर तपासायला हवेत. दुसरं चाक हललंच नाही तर डिफच्या आत काहीतरी तुटलंय, किंवा डॉगबोनची अथवा हेक्सची (चाक ज्यावर बसतं त्या षटकोनी तुकड्याची) पिन निसटली आहे. पिन आधी पाहा. ती हरवणं फारच नेहमीचं आहे, आणि तिच्यासाठी डिफ उघडून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

दुसरी चाचणी. आता दोन्ही मागची चाकं घट्ट धरा (एखाद्याला मदतीला घ्या) आणि स्पर अंगठ्याने फिरवायचा प्रयत्न करा. तो फिरता कामा नये. ‘टक, टक’ करत फिरला तर डिफचा मोठा रिंग गिअर, त्याला भिडणारा छोटा पिनियन (मोटरवरचा नव्हे) किंवा मधला आयडलर गिअर दाते सोडतोय. आवाज न करता, लोण्यातून सुरी जावी तसा फिरला तर स्लिपर ढिला आहे.

तिसरी चाचणी. स्पर धरून ठेवा आणि मोटरच्या शाफ्टचं टोक फिरवून पाहा. पिनियन जागचा हलत नाही आणि शाफ्ट त्याच्या आत गरगरतोय, तर ग्रब स्क्रू सुटला आहे. हे निदान झालं तर नशीबवान समजा, काम दोन मिनिटांचं आहे.

फोर व्हील ड्राइव्हमध्ये दुसरी चाचणी दोनदा करायची. मागची दोन्ही चाकं धरून स्पर फिरवा. पुढची चाकं फिरू लागली आणि मागे टकटक झाली तर दोष मागच्या डिफमध्ये. मग पुढची धरून हेच करा. गाडीला सेंटर डिफ असेल तर मागची चाकं धरली तरी पुढची फिरणारच, तो दोष नाही. अशा गाडीत चारही चाकं अडवावी लागतात.

टकटक मोजा

ही युक्ती नवख्यांना कोणी सांगत नाही, आणि तिने गिअरबॉक्स उघडण्याचा त्रास पुष्कळदा वाचतो. उदाहरणाला टामिया या जपानी कंपनीची टीटी-०२ घेऊ, कारण पहिली किट गाडी म्हणून ती अनेकांच्या हाती येते. किटमध्ये २२ दात्यांचा पिनियन आणि ७० दात्यांचा स्पर मिळतो, आणि त्यापुढचं आतलं गुणोत्तर २.६ आहे. म्हणजे ७० भागिले २२, गुणिले २.६, बरोबर ८.२७. चाकाच्या एका फेऱ्यात मोटर ८.२७ फेरे मारते, आणि स्पर २.६ फेरे.

आता एका टायरवर खडूची खूण करा आणि गाडी फरशीवर सरळ रेषेत, अगदी सावकाश ढकला. चाकाच्या एका फेऱ्यात किती वेळा ‘टक’ होतं ते मोजा. एकदाच होत असेल तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात आहे: रिंग गिअर, डॉगबोन किंवा चाक. दोन-तीनदा होत असेल तर स्पर किंवा त्याच्याच वेगाने फिरणारा प्रोपेलर शाफ्ट आणि त्याच्या टोकाचा बेव्हल पिनियन. आठ-नऊ वेळा होत असेल तर मोटरवरचा पिनियन. तुमच्या गाडीचं आतलं गुणोत्तर मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आकडे त्याप्रमाणे बदला.

जोर पडल्यावरच होणारे आवाज या चाचणीत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी कान लागतात. वेगाबरोबर चढत जाणारी एकसुरी शिट्टी म्हणजे पिनियन आणि स्पर फार घट्ट भिडलेत. खडखडाट, विशेषतः थ्रॉटल सोडल्यावर, म्हणजे फार सैल. एकदम पूर्ण थ्रॉटल दिल्यावर किंवा उडी मारून खाली आल्यावर ‘कट-कट-कट’ झालं तर डिफचा रिंग गिअर दाते उडवतोय.

दाते वाचायचे कसे

स्पर बाहेर काढा, टूथब्रशने कोरडा घासा आणि उजेडात धरून पूर्ण फिरवून पाहा. एखादा नवा स्पर जवळ असेल तर शेजारी ठेवा. नवा दाता कसा असतो हे डोळ्यात बसल्याशिवाय झिजलेला कळत नाही.

सगळे दाते सारखेच बारीक होऊन टोकदार झालेत, माशाच्या परासारखे? ही वयाची झीज किंवा धुळीची. नायलॉन मऊ असतं म्हणून मातीचे कण त्यात रुतून बसतात आणि मग तो गिअर धातूच्या पिनियनवर पॉलिशपेपरसारखा चालतो. पिनियनही झिजतो तो याच कारणाने. आपल्याकडे टेकडीवर, मुरमाच्या रस्त्यावर किंवा कोकणातल्या लाल मातीत गाडी चालवणाऱ्यांना हा नमुना सगळ्यात जास्त दिसेल.

दात्यांची फक्त टोकं गेलीत आणि मुळाशी प्लॅस्टिक शाबूत आहे? मेश, म्हणजे दोन गिअरचे दाते एकमेकांत किती खोल बसतात ते, सैल होता. दात टोकाटोकाला भेटत होते आणि जोर आला की एकमेकांवरून घसरत होते.

मुळाशी, दोन दात्यांच्या मधल्या खाचेत चकाकी किंवा घासल्याच्या रेषा आहेत? मेश घट्ट होता. अशा गाडीची मोटर तापत असणार आणि बॅटरीही लवकर संपत असणार. घट्ट मेश नुसता गिअर खात नाही, मोटरच्या बेअरिंगवरही सतत बाजूचा दाब टाकतो.

रुंदीच्या एकाच बाजूला झीज आहे? दोन शक्यता. पिनियन शाफ्टवर फार आत किंवा फार बाहेर बसवलाय आणि अर्धीच रुंदी भिडतेय. तसं असेल तर झिजलेला आणि न झिजलेला भाग यांच्यात स्पष्ट पायरी दिसते. पायरी नसून उतार असेल, झीज एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे कमी होत गेली असेल, तर मोटर तिरकी बसली आहे किंवा बेअरिंग गेलं आहे. माझ्या तिन्ही स्परवर उतार होता. पहिल्याच स्परवर तो पाहिला असता तर पुढचे दोन वाचले असते.

एकाच जागी दोन-चार दाते साफ उडालेत आणि बाकीचे नव्यासारखे आहेत? खडा अडकला होता. किंवा गाडी हवेत असताना थ्रॉटल दाबलेला होता आणि गरगरणारी चाकं जमिनीला टेकताक्षणी अडली. हा सगळा धक्का त्या क्षणी भिडलेल्या दात्यांनी सोसला. इथे मेशमध्ये काही चूक नसू शकते. झाकण बसवा आणि उडीत जमीन जवळ आली की थ्रॉटल सोडायची सवय लावा.

दाते वितळून पसरलेत किंवा मधला भाग काळपट, तुकतुकीत झालाय? उष्णता. ढिला स्लिपर सतत घसरून तापतो आणि त्याला लागून असलेला स्पर मऊ पडतो. कधी मोटरची उष्णता पिनियनमधून येते.

आणि काही दाते बरे, काही खराब, पुन्हा काही बरे, असा पट्टा पट्टा दिसत असेल तर स्पर गोल फिरत नाहीये. केंद्रापासून सरकून बसलाय किंवा शाफ्ट वाकलाय.

आता पिनियन. धातूचा आहे म्हणून तो अमर नाही. टोकदार झालेला, कडेला ओरखडे असलेला पिनियन नव्या स्परला दोन दिवसांत जुना करतो. ॲल्युमिनियमचे पिनियन हलके असतात पण लवकर झिजतात, आणि आजूबाजूला करडी-काळी भुकटी सोडतात. ती भुकटी दिसली की पिनियन बदलायची वेळ झाली. माझा नियम सरळ आहे: दर दोन स्परमागे एक पोलादी पिनियन नवा, दिसायला बरा असला तरी.

पिच: इथे चूक केली तर बाकी सगळं व्यर्थ

दोन गिअर भिडायला दोघांच्या दात्यांचा आकार एकच हवा. हा आकार दोन पद्धतीने सांगतात. इंची पद्धतीत पिच: ३२, ४८, ६४. मेट्रिक पद्धतीत मॉड्यूल: ०.४, ०.६, ०.८, १. पिचचा आकडा वाढला की दाते बारीक होतात, मॉड्यूलचा वाढला की मोठे. २५.४ ला पिचने भागलं की मॉड्यूल मिळतं. म्हणजे ३२ पिच हे ०.७९४, जवळजवळ ०.८ मॉड्यूल, आणि हे दोन एकमेकांबरोबर चालवून घेतात. पण ४८ पिच म्हणजे ०.५२९. तो ०.६ मॉड्यूलबरोबर चालत नाही, कितीही सारखा दिसला तरी. नवा गिअर पहिल्या मिनिटापासून कर्कश ओरडत असेल आणि मेश कसाही बसवला तरी थांबत नसेल, तर हीच चूक झालेली असते.

हातातल्या गिअरचं माप कळत नसेल तर व्हर्नियरने त्याचा बाहेरचा व्यास मोजा आणि दात्यांची संख्या अधिक दोन, याने भागा. ७० दात्यांचा ०.६ मॉड्यूलचा स्पर ४३.२ मिमी भरतो: ४३.२ भागिले ७२, बरोबर ०.६. फार झिजलेल्या गिअरवर हे माप थोडं कमी येतं, पण ०.५३ आणि ०.६ मधला फरक कळायला पुरतं.

पिनियन आणि स्पर बदलणं

मोटरचे दोन स्क्रू सैल करा आणि मोटर मागे सरकवा, म्हणजे गिअर सुटे होतील. पिनियनचा ग्रब स्क्रू कीने सहज फिरला नाही तर थांबा. त्यात थ्रेडलॉकर असणार. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूला अर्धा मिनिट टेकवा. थ्रेडलॉकर उष्णतेने सैल पडतो आणि मग स्क्रू गुमान निघतो.

मोटरचा शाफ्ट पुसून घ्या. १/१० गाड्यांच्या ५४० मोटरचा शाफ्ट ३.१७ मिमीचा असतो, १/८ च्या मोठ्या मोटरचा बहुधा ५ मिमीचा. पिनियनचं भोक त्याच मापाचं हवं. शाफ्टवर एक सपाट बाजू असते. ग्रब स्क्रू नेमका त्या सपाटीवर आला पाहिजे. गोल भागावर घट्ट केलेला स्क्रू आज टिकेल, उद्या फिरेल. स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब लावा, तोही मोटरपासून दूर, कागदावर. हे द्रव प्लॅस्टिकवर सांडू देऊ नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतात.

नवा स्पर बसवा आणि पिनियन शाफ्टवर असा सरकवा की दोघांची रुंदी समोरासमोर येईल. वरून सरळ पाहा, तिरकं पाहिलं की डोळा फसतो. मग ग्रब स्क्रू घट्ट करा.

आता मेश, या सगळ्यातलं खरं काम. साध्या ८० जीएसएमच्या ए-४ कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा. तिची जाडी सुमारे ०.१ मिमी असते आणि तेवढीच फट आपल्याला हवी. पट्टी दोन गिअरच्या मध्ये घाला, मोटर स्परवर हलकी दाबा आणि दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे घट्ट करा. एकच स्क्रू पूर्ण आवळला तर मोटर किंचित फिरते आणि मेश बदलतो. मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दात्यांच्या स्वच्छ घड्या दिसाव्यात पण ती फाटलेली नसावी. फाटली तर घट्ट, घड्या अंधुक असतील तर सैल.

कागदावर थांबू नका. स्पर एका बोटाने अडवून पिनियन मागेपुढे हलवा. अगदी बारीक ‘टिक टिक’ असा खेळ जाणवला पाहिजे. अजिबात नसेल तर घट्ट. नंतर स्पर थोडा फिरवून हीच तपासणी आणखी पाच-सहा ठिकाणी करा. कोणताही स्पर अगदी अचूक गोल नसतो. सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि तिथे किंचित खेळ राहील असा मेश ठेवा. बाकी ठिकाणी तो थोडा सैल वाटला तरी चालेल.

काही गाड्यांत मोटर सरकत नाही. माउंटवर ठरावीक दात्यांच्या पिनियनसाठी ठरावीक भोकं असतात. तिथे मॅन्युअल उघडून तुमच्या पिनियनच्या दात्यांचं भोक वापरा. पिनियन बदलून भोक तेच ठेवणं ही नेहमीची चूक आहे.

दात्यांच्या संख्येबद्दल एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतो. २० चा पिनियन आणि ८० चा स्पर असेल तर पिनियनचा प्रत्येक दाता कायम त्याच चार दात्यांना भेटत राहतो. एक दाता खराब असला की तो त्याच चौघांना खात बसतो. २१ आणि ८० घेतले तर दोन्ही संख्यांना समान विभाजक नाही, म्हणून प्रत्येक दाता प्रत्येकाला भेटतो आणि झीज वाटली जाते. टीटी-०२ च्या २२ आणि ७० ला २ ने भाग जातो, त्यामुळे प्रत्येक दाता स्परच्या निम्म्याच दात्यांना भेटतो. २३ चा पिनियन घातला तर सगळ्यांना. यासाठी मुद्दाम गिअर विकत घेऊ नका, पण दोन पर्यायांत अडलात तर हा निकष धरायला हरकत नाही.

स्लिपर

स्लिपर हा गिअरचा रखवालदार आहे. अचानक धक्का आला की तो क्षणभर घसरतो आणि दाते वाचवतो. पार आवळून टाकला तर रखवाली संपली, ढिला ठेवला तर स्पर भाजतो. मॅन्युअलमध्ये नट किती फेरे सोडायचा ते दिलेलं असतं, तिथून सुरुवात करा. मग जमिनीवर पकड असलेल्या जागी उभ्या गाडीला एकदम पूर्ण थ्रॉटल द्या. पहिल्या फूटभर अंतरात ‘शिंऽऽ’ असा घसरल्याचा आवाज यावा आणि मग गाडी सुटावी. आवाज लांबत गेला तर नट पाव फेरा आवळा.

डिफ उघडायची वेळ आली तर

घाबरू नका, पण ट्रे घेऊन बसा आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढा. डिफच्या दोन बाजूंना असलेल्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, कोणत्या बाजूला किती होत्या हे लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

रिंग गिअर आणि त्याला काटकोनात भिडणारा पिनियन स्वच्छ पुसून पाहा. दाते कापल्यासारखे उडालेले असतील तर दोन्ही एकत्र बदला. मग कारण शोधा, आणि ते बहुधा शिमच असतं: रिंग पिनियनपासून थोडी दूर बसलेली, जोरात आणखी दूर ढकलली जाणारी. रिंगच्या पाठीमागे, म्हणजे दात्यांच्या उलट बाजूला, ०.१ किंवा ०.२ मिमीचा एक शिम वाढवला की ती पिनियनकडे सरकते. एका वेळी एकच शिम. प्रत्येक वेळी केसिंग बंद करून स्क्रू घट्ट करा आणि हाताने फिरवून पाहा, उघड्या केसिंगमध्ये काहीच खरं कळत नाही. फिरताना कडक जागा लागली तर एक शिम कमी. मोकळं फिरतंय आणि खेळ जवळपास जाणवत नाही, इथे थांबा.

रिंग आणि पिनियनला ग्रीस लावा, दात्यांवर पातळ थर पुरे. डिफच्या आत सिलिकॉन ऑइल असेल तर आतले गिअर जेमतेम बुडतील एवढंच भरा. काठोकाठ भरलेलं तेल तापल्यावर फुगून गॅस्केटमधून बाहेर येतं. बाहेरच्या पिनियन आणि स्परला मात्र ग्रीस किंवा तेल लावू नका. त्यावर धूळ चिकटते आणि दोन चकरांत तिची दाते घासणारी लापशी होते. ती जोडी कोरडीच चालते.

जे गिअर खातं ते शोधा

बेअरिंग आधी. स्परचा शाफ्ट टोकाला धरून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग बदला. बऱ्याच स्वस्त गाड्यांत बेअरिंगच नसतात, प्लॅस्टिकचे बुश असतात आणि ते लवकर गोलाई सोडतात. माझ्या मते नव्या गाडीवर पहिला खर्च बेअरिंगचा करावा, मोटरचा नाही. ही बेअरिंग फक्त हॉबीच्या दुकानातच मिळतात असं नाही. ५×११×४ मापाचं बेअरिंग बाजारात एमआर११५ म्हणून मिळतं, ५×१०×४ चं एमआर१०५ म्हणून, आणि १०×१५×४ चं ६७०० म्हणून. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटसारख्या हार्डवेअरच्या बाजारात किंवा तुमच्या शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात हा नंबर सांगा. पावसाळ्यात डबक्यातून गाडी नेली असेल तर घरी आल्यावर बेअरिंग सुकवून तेलाचा एक थेंब द्या, नाहीतर आठवड्याभरात त्यांना गंज धरतो.

दुसरं, ताकद. ३३०० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३३०० फेऱ्यांची) मोटर ७.४ व्होल्टच्या २एस, म्हणजे दोन सेलच्या, बॅटरीवर मिनिटाला सुमारे २४,४०० फेरे मारते, ११.१ व्होल्टच्या ३एस बॅटरीवर सुमारे ३६,६००. गाडी २एससाठी बनवलेली असेल तर हा दीडपट वेग तिच्या गिअरवरच पडतो. मोठा पिनियनही असाच. टीटी-०२ वर २२ ऐवजी २५ घातला की गुणोत्तर ८.२७ वरून ७.२८ होतं. गाडी पळते खरी, पण मोटर जास्त तापते. दहा मिनिटं चालवून मोटरवर बोट ठेवा. तीन सेकंद ठेवता येत नसेल तर एक-दोन दाते कमी असलेला पिनियन घाला.

तिसरं, पोलादी स्पर. ‘एकदाच लोखंडी टाकून मोकळे व्हा’ असा सल्ला तुम्हाला मिळेल. नवख्याने तो ऐकू नये असं मला मनापासून वाटतं. नायलॉनचा स्पर घरातल्या फ्यूजसारखा आहे. तो स्वस्त आहे, वर आहे आणि चार स्क्रूत बदलतो. तो तुटला नाही तर धक्का पुढे जातो आणि डिफ, शाफ्ट किंवा मोटर तुटते. डिफ आणि ड्राइव्हशाफ्ट आधीच मजबूत केलेले असतील, गाडी जड असेल, तेव्हा पोलादी स्परचा विचार करा.

बसवल्यावर

चाकं वर उचलून गाडी हळूहळू चालवा आणि आवाज ऐका. हवेत पूर्ण थ्रॉटल देऊ नका, टायर फुगतात आणि डिफवर नको तो ताण येतो. मग दोन मिनिटं मैदानात हलक्या हाताने. परत आल्यावर मोटरचे दोन्ही स्क्रू तपासा. नव्याने आवळलेले स्क्रू पहिल्या काही मिनिटांतच किंचित सैल होतात, आणि एवढ्याने मेश बिघडतो. एक पूर्ण बॅटरी संपल्यावर पुन्हा तपासा आणि स्परच्या दात्यांचा जवळून फोटो काढा.

जुना स्पर फेकू नका. त्यावर मार्करने तारीख, पिनियनचे दाते आणि किती बॅटऱ्या चालला ते लिहा आणि स्पेअरच्या डब्यात ठेवा. पुढचा जाईल तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील.